पाकीट खोटं बोलत नाही

"मोठ्यानं वाच की," आई म्हणाली. "मला ऐकू येऊ दे."

जयूनं पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पोथी वाचायला बसल्यासारखा घसा साफ केला. "मटण खिमा. बटाटा. कांदा. पावाचा चुरा. आलं, लसूण, हिरवी मिरची. मीठ. मसाले. तेल."

"कसलं तेल?"

"सूर्यफुलाचं. कंसात लिहिलंय."

"आणि मसाल्यात काय?"

"धने, जिरे, लवंग, दालचिनी, मिरे. आई, तुझ्या मसाल्याच्या डब्यालासुद्धा स्वतःविषयी एवढं ठाऊक नसेल."

"मागं बघ. मागं काही बारीक लिहिलेलं असतंय."

त्यानं पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला कटलेट कसे तळायचे ते होतं, कारखान्याचा पत्ता होता, आणि एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तेही सगळं त्यानं वाचून दाखवलं. "बाई सोडून सगळं वाचलं," तो म्हणाला. तेव्हा कुठं आईनं कढईत करडईचं तेल ओतलं.

मी उंबऱ्याशी बसून साबुदाणा निवडत होते. माझा गुरुवार होता, त्यामुळं त्या कटलेटशी माझा संबंध फक्त वासापुरता. जयूला त्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच तो नव्या सुपरमार्केटात जाऊन आला होता. ते आमच्या भागात उघडल्यापासून याचा तिथं असा राबता होता, जणू दुकान याच्या सासऱ्याचं आहे.

त्याला कारण होतं. माझ्या भावाला शेंगदाणा चालत नव्हता. तोंडात एक कण गेला तरी अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. आणि जन्म कुठं घेतला, तर सोलापुरात! इथं घरात मीठ नसलं तर शेजारून आणतात, पण शेंगाचटणीची बरणी रिकामी झाली तर बाईमाणसाला लाज वाटते. आमची आई तर त्या चटणीसाठी आळीत नावाजलेली. माहेराहून तिनं दगडी उखळ आणलं होतं. दुपारी आमच्या घरातून ठक्‌ ठक्‌ ऐकू आलं की शेजारच्या बिराजदार काकू वाटी घेऊन दारात हजर.

जयू रांगता होता तेव्हा कुणाच्या तरी बारशात एका मावशीनं कौतुकानं त्याच्या तोंडात दाण्याच्या लाडवाचा तुकडा घातला. पोर निळं पडलं. डॉक्टरांनी वाचवलं आणि बजावलं की पुन्हा झालं तर हमी नाही. आई घरी आली, तिनं दाण्याचा डबा रस्त्यावर उपडा केला आणि उखळ बिराजदार काकूंच्या दारात नेऊन ठेवलं. "तुम्हीच वापरा आता," एवढंच म्हणाली. त्यानंतर आमच्या घरात दाणा आला नाही. आईनं बाहेरही कधी तोंडात टाकला नाही. म्हणायची, "माझ्या हाताला लागून त्याला लागला तर?"

पण घर सांभाळता येतं, गाव सांभाळता येत नाही. लोकांना हे खरंच वाटायचं नाही. शेंगदाणा चालत नाही म्हणजे काय, तो काय परका पाहुणा आहे? एकदा आमच्या सख्ख्या आत्यानं "काही नाही रे त्यात, खा" म्हणून वांग्याची भाजी वाढली आणि जयूला रिक्षात घालून पळवावं लागलं. आत्या दवाखान्यात येऊन रडली, पण रडता रडता म्हणाली, "इतकंसं तर होतं." त्या दिवसापासून जयूनं माणसांवरचा विश्वासच काढून घेतला. लग्नाकार्याला स्वतःचा डबा न्यायचा आणि विकतचं खायचं झालं तर छापलेलं पाकीट असेल तरच. "अक्का," तो मला म्हणायचा, "माणसं मायेपोटी खोटं बोलतात. पाकीट खोटं बोलत नाही. त्याला माया नसती."

मुली बघायच्या वेळी तर पुरती पंचाईत. समोर पोह्यांची बशी येणार, त्यात दाणे असणार, मुलगा हात लावणार नाही, मुलीचे वडील अवघडणार. चांगली चांगली स्थळं पोह्यांवर अडली. शेवटी बार्शीला प्रमिला नावाची मुलगी बघितली. तिनं आणलेल्या पोह्यांत हिरवे मटार होते. "मध्यस्थांनी सांगितलं होतं," ती खाली बघत म्हणाली, "म्हणून कढईपण नवीन घेतली." जयूनं चहा यायच्या आधीच होकार दिला. मी त्याला चिमटा काढला, तरी तो हसतच होता. लग्न वैशाखात ठरलं होतं.

तर त्या गुरुवारी आई कटलेट तळत होती. तळताना तिनं एकदा ताटावर वाकून वास घेतला आणि मान हलवली, म्हणजे मीठ बरोबर आहे. आई कधी काही चाखत नसे. तिच्या माहेरची शिस्त होती ती. रांधणाऱ्या बाईनं चाखलं की अन्न उष्टं होतं. भाजीचं मीठ, आमटीचं तिखट, पुरणाची गोडी, सगळं ती वासावर ओळखायची आणि कधी चुकायची नाही. जेवायलाही सगळ्यांच्या मागून बसायची. "आई नाकानं स्वयंपाक करती," असं जयू चिडवायचा.

पहिला कटलेट त्यानं कढईजवळ उभ्यानंच खाल्ला, हाशहुश करत. दुसरा मला दाखवत खाल्ला. "अक्का, तुझ्या गुरुवारनं तुझं नुकसान केलं बघ. काय झकास चव आहे! मटणाची अशी चव मी कधी घेतली नव्हती."

"ताटात घेऊन बस की नीट," आई म्हणाली.

तो बसला नाही. त्यानं हातातला उरलेला तुकडा खाली ठेवला आणि गळ्यावरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. मी साबुदाणा निवडायचं सूप बाजूला केलं. त्याचा खालचा ओठ माझ्या डोळ्यांदेखत जाड होत होता.

तो आईकडे वळला. "आई, काय घातलंस गं?"

"काही नाही!" आईच्या हातातून झारा पडला. "काही नाही रे घातलं! तूच वाचलंस ना? तूच वाचलंस!"

त्यानं ओट्यावरचं पाकीट उचललं आणि पुन्हा उजेडात धरलं. बोट ओळींवरून फिरत होतं, ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मटण, बटाटा, कांदा. त्याला तिथं काहीच सापडलं नाही. पाकीट हातात धरूनच तो खाली बसला.

मी रस्त्यावर धावले, रिक्षा आणली. जयूचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि आई अनवाणी, पदर तेलानं भरलेला, त्याचे पाय धरून बसली होती. सारखी एकच गोष्ट सांगत होती, "मी काही नाही घातलं रे, जयू. मी काही नाही घातलं." तो ऐकत होता की नाही, देव जाणे. दवाखान्याच्या दारात त्याला उतरवून घेतलं तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं, टोचलं, छातीवर दाब दिला. नंतर ते आमच्याकडं वळले आणि त्यांना बोलावं लागलं नाही.

माझा भाऊ गेला. त्याचे शेवटचे शब्द होते, आई, काय घातलंस गं.

आई रडली नाही. स्मशानातून पुरुष माणसं परत आली, आंघोळी झाल्या, आणि आई स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, एकटीनं बसायचं असेल. बघते तर ती एकेक डबा उघडून हुंगत होती. हळद हुंगली, तिखट हुंगलं, डाळीचं पीठ हुंगलं. तेलाची बरणी नाकाशी धरून उभी राहिली, मग सगळं तेल मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच. कढई इतकी घासली की तिच्या बोटांची सालं निघाली.

भेटायला येणारी माणसं हळू बोलतात असं आपल्याला वाटतं, पण त्या घरात सगळं ऐकू येतं. मावशी कुणाला तरी सांगत होती, "म्हातारीची नजर आता कुठं राहिलीय. पीठ म्हणून काय घेतलं असंल..." आई भिंतीला टेकून डबा पुसत बसली होती. तिनं मान वळवली नाही, पण तिचा हात थांबला.

सगळे गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "सुधा, खरं सांग. मी काय घातलं असंल?"

"काही नाही घातलंस."

"मग त्यानं मला का विचारलं?"

जयूचा पाकिटावर विश्वास होता, म्हणून त्यानं आईला विचारलं. हे तिलाही कळत होतं. माझा भाऊ तर गेलाच होता. आता माझ्यासमोर माझी आई त्या एका प्रश्नाखाली रोज थोडी थोडी संपत होती. मी पाकीट पिशवीत घातलं आणि निघाले.

सुपरमार्केटचा मॅनेजर टाय लावलेला, बोलायला गोड. त्यानं थंड पेटीकडं बोट दाखवलं. तिथं त्या हसऱ्या बाईची पाकिटं अजून रांगेनं पडलेली होती. "मॅडम, दुःख झालं ऐकून. पण आम्ही फक्त ठेवतो. आत काय आहे ते सगळं पाकिटावर दिलेलं असतं."

"ते आम्हीही वाचलं होतं," मी म्हणाले.

मागच्या पत्त्यावर गेले. गावाबाहेर औद्योगिक वसाहतीच्या टोकाला एक पत्र्याची शेड. मालक पुण्याला गेलेले. आत पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया बसून कटलेट थापत होत्या, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक जाडजूड, हसतमुख बाई होती, महादेवी नावाची. मी म्हटलं, मला घरगुती धंदा सुरू करायचाय, जरा बघू देता का? ती खुश झाली. जास्तीची टोपी असती तर मलाही घातली असती.

"यात मटण कुठलं वापरता?" मी विचारलं.

ती हसली. "मटण परवडतंय व्हय ताई? कोंबडीचं हाडाला लागलेलं असतंय न्हवं, ते खरवडून आणतेत. मटणाचा वास यावा म्हणून थोडी चरबी टाकायची. खाणाऱ्याला काय कळतंय?"

"पण पाकिटावर मटण खिमा लिहिलंय."

"ते मालक लिहितेत. आमी थापतोय."

मी एक कच्चा गोळा हातात घेतला. घट्ट होता, जड होता, बोटांना जरा तेलकट लागत होता. तोंडानं मी हसतच होते.

"शेंगदाणे घालता का?"

"छ्या! कटलेटात कोण शेंगदाणे घालतंय?"

"मग इतकं घट्ट कसं होतं? कोंबडी तर पाणी सोडते."

"कूट असतंय की." तिनं कोपऱ्यातल्या मोठ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. भाजलेल्या दाण्याचं तांबूस कूट, काठोकाठ. "ह्याच्याबिगर चव कुठली यायला? कूट घातलं की गोळा बसतंय पण, आन्‌ माल वाढतंय पण."

"हे पाकिटावर का नाही?"

महादेवीनं माझ्याकडं असं बघितलं, जशी मी परगावची आहे. "कुटाचं काय लिवायचं ताई? पाणी घालतोय ते लिवतोय का? मालकानं इचारलं, काय काय घालता सांगा, छापायचंय. आमी बसून सगळं सांगितलं, कांदा, लसूण, मिरे सुदिक सांगितलं. कूट कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई. ते काय घालायची वस्तू आहे? ते असतंयच."

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. मटणाच्या बाबतीत होती, आणि ती तिला ठाऊक होती. ती तिनं हसत हसत सांगितली होती. कुटाच्या बाबतीत नव्हती. मला तिचा गळा धरायचा होता आणि धरायला जागाच सापडत नव्हती.

"माझा भाऊ हे खाऊन मेला," मी म्हणाले. "त्याला दाणा चालत नव्हता."

थापणारे हात थांबले. महादेवीनं तोंडावर पदर घेतला. "कुटानं?" ती म्हणाली. "कुटानं माणूस मरतंय? आमची पोरं वाढली की त्याच्यावर..." मग तिच्या चेहऱ्यावर भीती आली, आणि तिनं माझं मनगट धरलं. "ताई, मी सांगितलं म्हणून मालकाला सांगू नका. माझ्या घरात मी एकटीच कमावती हाय."

पुढं मी तक्रार केली, जबाब दिला, खेपा घातल्या. ती पाकिटं काही दिवस पेटीतून गायब झाली. मग दुसऱ्या नावानं आली. हसणारी बाई तीच होती, नुसती साडी बदलली होती. पण ते नंतरचं. त्या दिवशी मला एकच घाई होती, आईला सांगायची. बसमध्ये मी मनात शब्द जुळवत होते आणि, खरं सांगते, मला जवळजवळ आनंद झाला होता. आईला सोडवायला निघाले होते मी.

घरी आले तेव्हा बिराजदार काकू जेवण घेऊन आल्या होत्या. सुतकात घरात चूल पेटत नाही, शेजारचेच आणतात. आईपुढं ताट होतं: भाकरी, पिठलं, कांदा. आणि ताटाच्या कडेला चमचाभर शेंगाचटणी.

मी बघितलं आणि काकूंनीही तेव्हाच बघितलं. इतकी वर्षं त्या माउलीनं आमच्याकडं वाटी पाठवताना कधी चूक केली नव्हती. "शेंगा न्हाईत बरं का," असं दारातूनच ओरडून मग आत यायच्या. आज घरच्यांसाठी वाढता वाढता हात गेला असेल. "अगं बाई, माझं ध्यानच..." त्यांनी ताट ओढायला हात पुढं केला.

आईनं ताट धरून ठेवलं. "राहू दे," ती म्हणाली. "आता कुणाला चालत नाही या घरात?"

काकू तोंडावर पदर घेऊन परसात गेल्या. मी आईजवळ बसले आणि सगळं सांगितलं. शेड, कोंबडी, चरबी, पातेलं. "कूट होतं त्यात, आई. तांबडं, भाजलेलं. ते पाकिटावर लिहायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या हातून काही झालं नाही. ऐकतेस ना? तू काही घातलं नव्हतंस."

"कूट," ती म्हणाली.

"हो."

मला वाटलं आता हिचा बांध फुटेल. फुटावा म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आईनं चटणीची चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. तिच्याच उखळात कुटलेली चटणी होती ती. जयू रांगत होता तेव्हापासून त्या जिभेला दाणा लागला नव्हता.

जीभ टाळूवर फिरवून तिनं ती चिमूट गिळली.

"विसरले नाही बघ," ती म्हणाली. "अजून तशीच लागती. तळणाच्या वासात नाकाला नाही कळलं. पण कितीबी मसाला असू दे, जिभेला कळलं असतं, सुधा. एक तुकडा तोंडात टाकला असता तर पहिल्या घासाला कळलं असतं."

"आई, तू कधीच चाखत नाहीस."

"तेच तर," आई म्हणाली.

आणि तिनं ताट पुढं ओढलं, भाकरी मोडली आणि ती सगळी चटणी खाल्ली, एकेक घास, औषध घ्यावं तशी. मी तिला सोडवायला गेले होते. त्याऐवजी तिच्या हातात असं काही देऊन बसले जे तिला आता मरेपर्यंत पुरणार होतं.

याला पुष्कळ वर्षं झाली. प्रमिलाचं लग्न झालं, तिला मुलं आहेत. दर दिवाळीला आईला फोन करते. आई थकली आहे, पण स्वयंपाक कुणाला करू देत नाही. फक्त एक बदललं. ती आता सगळं चाखते. भाजी, आमटी, माझ्या पोरांचं दूध, बाहेरून आलेला पेढा. आधी तिच्या तोंडात, मग दुसऱ्याच्या पानात. देवाच्या नैवेद्यालाही तिनं सोडलेलं नाही.

गेल्या वर्षी जयूच्या श्राद्धाला गुरुजी नवीन होते. आईनं पान वाढलं. मग खाली बसली आणि त्या पानातला प्रत्येक पदार्थ जरा जरा घेऊन तोंडात घातला. खीर, वडा, भाजी, सगळं.

गुरुजी चपापले. "आजी, हे पान त्यांच्यासाठी आहे. उष्टं चालत नाही."

आईनं शेवटचा घास नीट चावला, जिभेवर फिरवला, गिळला.

"त्याला चालतंय," ती म्हणाली. "काही नाही यात. मी बघितलंय." आणि तिनं ते पान उचलून बाहेर नेऊन ठेवलं.